मारितची आई

दरवर्षी जानेवारीत आमच्या निगडीच्या चर्चमध्ये नॉर्वेहून तरुण मुलामुलींचा एक गट सेवेसाठी येतो. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. त्या वर्षीच्या गटात मारित होती. विशीतली, बुटकी, उन्हानं नाक सोललेली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची नखं काढायची, पाठ पुसायची, जरा वेळ बसायचं, एवढंच तिचं काम.

भोसरीत वर्कशॉपच्या मागे कस्तुराबाईंची खोली होती. पत्र्यापलीकडे दिवसभर लेथ चालायचे, खोलीत तेलाचा आणि जळक्या लोखंडाचा वास असायचा. भिंतीवर तथागतांचा फोटो आणि शेजारी कस्तुराबाईंच्या लेकीचा, आम्रपालीचा, म्हणजे आमूचा. लातूरकडून आलेल्या कस्तुराबाई चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. सहा वर्षांपूर्वी डबल शिफ्ट करून घरी आल्या, तेव्हा डेंग्यूनं आमू गेलेली होती. त्यानंतर त्या फारसं कुणाशी बोलत नसत. आता खुब्याचं हाड मोडल्यानं कॉटवरच असत. शेजारच्या पिंकीनं दोन घास करून दिले तर खायच्या.

पहिल्या दिवशी मारितनं त्यांच्या केसांना तेल लावलं. माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले. परत येते तो दोघी बोलत होत्या. कस्तुराबाई मराठीत, मारित तिच्या भाषेत. एकीनं विचारावं, दुसरीनं मान हलवून उत्तर द्यावं. मायेनं बोललेलं कळतं, असं मी मनाशी म्हटलं.

मारित रोज तिथंच जायचा हट्ट करू लागली. एकदा परतताना रिक्षात म्हणाली, "आमूला ताप चढला तेव्हा तिनं आईला निरोप पाठवायला सांगितलं होतं. कॅन्टीनमध्ये तो कुणी दिलाच नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईनं."

मी यातलं एक अक्षरही भाषांतर केलं नव्हतं. कस्तुराबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पिंकीनं सांगितलं असेल म्हणावं, तर पिंकीलाही येत नव्हतं.

पुढे मारित दुपारी तिथंच जमिनीवर झोपू लागली. झोपेतून उठली की काही वेळ ओळख नसल्यासारखी माझ्याकडे बघायची. एका दुपारी डोळे न उघडताच ती स्वच्छ म्हणाली, "माय, पाणी दे." कस्तुराबाईंनी हात लांबवून तांब्या पुढे केला. दोघींनाही त्यात वावगं वाटलं नाही. हुशार पोरगी, भाषा पटकन उचलते, असं मी गटाच्या प्रमुखांना सांगितलं. माझा आवाज मात्र मलाच पटला नाही.

निरोपाच्या दिवशी कस्तुराबाई रडल्या नाहीत. मारित उंबऱ्यात थबकली.

"माझं काहीतरी आत राहिलंय," ती म्हणाली.

बॅग, फोन, पासपोर्ट, सगळं तिच्याजवळ होतं. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. हात बर्फासारखा लागला.

पुढच्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत तिच्या वडिलांचा फोन आला. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, की ती आल्यापासून घरात कुणाला ओळखत नाही, बोलते ते कुणालाच कळत नाही, डॉक्टरही थकले. "तुम्ही ऐकाल का?"

त्यांनी फोन तिच्याकडे दिला. आधी नुसता श्वास. मग मराठी. लातूरकडचं, भोसरीत वाढलेल्या मुलीचं.

"ताई, मायला सांगा, इथं लई थंडी हाय. ही माणसं मला मारित म्हणायलेत."

वडील पुन्हा फोनवर आले. "काय म्हणते?"

"थंडी वाजते म्हणते."

"तिला?" ते म्हणाले. "ती तर इथलीच. बर्फातच वाढलीय." मागे कुणीतरी बाई रडत होती.

मी उरलेले तास सोडून थेट भोसरीला गेले. कस्तुराबाई कॉटवरून उतरून खाली बसल्या होत्या. खुबा मोडलेली बाई खाली कशी आली, ते विचारायचं मला सुचलं नाही. त्यांच्यापुढे जमिनीवर गोधडी अंथरलेली होती, वर दुसरी पांघरलेली.

"मावशी, मारितला सोडा," मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मॅडम. आत्ताच डोळा लागलाय. सकाळधरनं मम्मा मम्मा करून आईला बोलवायली."

गोधडीत कुणी नव्हतं.

"आधी समदं कळायचं मला तिचं. आता काय म्हणायली, कायबी कळंना." त्यांचे डोळे सुजले होते. "मी माझी आमू मागितली हुती, मॅडम. तिला एकदा जवळ घ्यायचं हुतं. ही कुणाची लेक माझ्यापाशी ऱ्हायली?"

"तुम्हाला इंग्रजी येतंय न्हवं? जागी झाली की इचारा तिला, काय पाहिजे ते."

त्यांनी वाकून पांघरूण वर ओढलं, जिथं खांदा असावा तिथपर्यंत. मग हात काढून घेतला.

पांघरूण सपाट झालं नाही.