भातगिरणीच्या भिंतीवरच्या चार बायका

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

ऐकणारे हसतात. हसू देत. पण त्या भिंतीवर जिचा चेहरा उमटला ती गिरजा माझी सख्खी मावशी, आणि तिला खोटं बोलताना मी कधी पाहिलेलं नाही.

साल २००१. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. ठिकाण, शहापूरचा बाजार.

मावशीचा नवरा कुंडलिक पेंटर. दुकानाच्या पाट्या, टेम्पोवरची नावं, भिंतीवरच्या जाहिराती... त्याच्यासारखं अक्षर तालुक्यात कोणाचं नव्हतं.

चित्रं मात्र जगदीशची.

जगदीश डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. दोघं जोडीने काम करायचे. कुंडलिक अक्षरं काढायचा, जगदीश माणसं. लोक अक्षरं वाचून पुढे जायचे. जगदीशच्या माणसांपाशी थांबायचे.

ते थांबणं कुंडलिकला सलायचं.

एकदा मुरबाडहून एक जण जगदीशला शोधत दुकानात आला. सभागृहाच्या भिंतीचं मोठं काम होतं.

"जगदीश नाय आता. त्यानं हे काम सोडलं," कुंडलिक म्हणाला. "मी करतो."

जगदीशला हे कधीच कळलं नाही. पुढे काम मिळेना, म्हणून तो बायकोला, भिमीला घेऊन वीटभट्टीवर गेला. तिथेच तापाने वारला.

त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

आणि त्या दिवाळीनंतर बाजारातल्या बंद भातगिरणीची भिंत रंगवायचं ठरलं. भात लावणाऱ्या चार बायका, माणसाएवढ्या उंचीच्या. काम कुंडलिकला मिळालं. त्याने लुगडी काढली, चिखल काढला, हातातल्या रोपांच्या जुड्या काढल्या. चेहरे तेवढे कोरे ठेवले. चेहऱ्यांना त्याचा हात धजत नव्हता.

दुपारी एकला तो घरी जेवायला गेला. बाजार सामसूम.

परत आला...

पहिल्या बाईला चेहरा होता.

त्याने बोट लावलं. रंग ओला.

कंबर मोडलेली, तरी शेजारणीच्या बोलण्यावर हसू आवरत नसलेली बाई. असा चेहरा काढणारा हात तालुक्यात एकच होता.

समोर हौसाची चहाची टपरी होती. कुंडलिकने तिला विचारलं, "इथं कोन आलेला?"

"कोन येनार? तुमीच व्हता शिडीवर."

"मी घरी गेलेलो जेवायला."

"काय दादा, मस्करी करता? मी हाक मारली तर वळला पन नाय तुमी."

संध्याकाळी भिंतीपाशी गर्दी झाली. लोक थांबले होते... बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "जगदीशची याद आली बघ."

"मी काढलाय," कुंडलिक म्हणाला.

त्या रात्री त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सलत होतं ते एवढंच. मेला, तरी माझ्यापेक्षा सरस.

दुसऱ्या दिवशी दुसरा चेहरा त्याने स्वतः काढायला घेतला. सकाळपासून एक वाजेपर्यंत खपला. मग मागे सरकून पाहिलं.

जत्रेतली बाहुली.

तो घरी गेलाच नाही. टपरीच्या बाकड्यावर, भिंतीकडे टक लावून बसला. हौसा फळी लावून निघून गेली. कावळ्यांची कावकावसुद्धा थांबली.

मग आवाज आला.

खस्स... खस्स...

ब्रशचा आवाज. पण शिडीवर कोणी नव्हतं.

आवाज भिंतीच्या आतून येत होता. गिरणीतून. गिरणी सहा वर्षं कुलूपबंद.

तो दारापाशी गेला. कुलूप गंजलेलं, जागच्या जागी. दाराला कान लावला...

आवाज थांबला.

मागे येऊन बघतो, तर तिसऱ्या बाईला चेहरा होता.

गिरजेचा.

जिवणी तिची. केस मागे सारायची ढब तिची. उजव्या कानामागे एक तीळ.

वीस वर्षांच्या संसारात कुंडलिकने असला तीळ कधी पाहिला नव्हता. तो तडक घरी आला. गिरजा भांडी घासत होती. त्याने तिचे केस बाजूला केले.

तीळ होता.

"जगदीशला कसा ठाव?" त्याने विचारलं.

"कोन जगदीश? आपला? अवो, त्याला जाऊन दोन वर्सं झाली."

"मी विचारतो ते सांग."

"मी त्याला चा द्यायची. खाली मान घालून प्यायचा. दोन शब्द बोलली नाय कधी त्याच्याशी."

कुंडलिक चुन्याची बादली घेऊन गेला आणि तो चेहरा पुसून टाकला. पांढराफटक. मग डोळखांबची एस्टी धरली.

भिमी अंगणात नाचणी पाखडत होती. कुंडलिकने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुरबाडचं काम... आपण बोललेलं खोटं... भिंत.

भिमी रडली नाही. सूप खाली ठेवून तिने एवढंच विचारलं, "तुमची बायको काढली त्यानं?"

"हां."

"मी हाय का?"

"...एक चेहरा बाकी हाय."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एस्टीने आली. धुवट लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. चौथ्या बाईसमोर बसून राहिली. कुंडलिक बसला. गिरजेलाही त्याने बोलावून घेतलं होतं.

एक वाजला. बाजार बंद झाला.

खस्स... खस्स...

या वेळी तिघांनी ऐकलं. भिमीने पदर तोंडात धरला. डोळ्यांसमोर, कोणाचा हात नसताना, भिंतीवर आधी हनुवटी उमटली. मग ओठ. मग डोळे...

पुन्हा गिरजा.

आदल्या दिवसापेक्षा देखणी.

भिमी उठली. गिरजेसमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ तिचं तोंड न्याहाळलं, जसं बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून बघावी. मग वळली. एस्टीला गेली. ती पुन्हा शहापूरच्या बाजारात कोणाला दिसली नाही.

गिरणी २००६ साली पाडली. भिंतही गेली.

मावशी अजून शपथेवर सांगते, आमच्यात काही नव्हतं. माझा तिच्यावर विश्वास आहे. मग त्याने तिलाच का काढलं, ते मला सांगता येत नाही.

कुंडलिककाका आता थकलेत. पण दुपारी एकला जेवायला बसले की घासाला हात लावण्याआधी मावशीकडे न बघता विचारतात...

"आज कोन आलेलं?"

"कोन नाय," मावशी म्हणते.

रोज.