हलव म्हटल्यावर चाक हललं

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मला कुणाला काही पटवायचं नाही.

पण यात एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आणि यातलं बरंचसं ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं तो माझा दीर लाईल चांगला धडधाकट आहे. त्याला विचारा.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. ऑक्टोबरमधला शनिवार होता. कोलोरॅडोत, मॉन्ट्रोजला, आमच्या घराचं गॅरेज. दार सताड उघडं होतं आणि लख्ख ऊन आत आलं होतं.

मी डार्ला. माझा नवरा कर्ट एप्रिलमध्ये गेला. सामान आणायला म्हणून बाहेर पडला आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं. जवळ कुणीही नव्हतं. मला सगळ्यात जास्त तेच लागून राहिलंय.

डोंगरातल्या खडकाळ वाटांवर जीप घालायचं वेड आमच्या अख्ख्या घराला आहे. कर्ट तर त्यातला पक्का. दर उन्हाळ्यात लँटर्न खिंडीत जायचाच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मधे जेमतेम एका गाडीचा रस्ता.

त्याची राख तिथेच सोडायची, असं आमची मुलगी ब्रिन म्हणाली. आणि त्याच्याच जीपमधून न्यायची. ती स्वतः चालवणार.

"शेवटची चक्कर आहे आई. मी आणि बाबा. मधे कुणी नको."

मी हो म्हटलं. लाईल त्याच्या ट्रकमधून मागून येणार होता. मी बसणार होते त्याच्या शेजारी.

अडचण एकच होती. जीपच्या पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट पार झिजले होते. चाक ज्याच्यावर वळतं तो सांधा. आपल्या खुब्यासारखाच, वाटीत बसलेला गोळा. तो झिजला की चाक खडखडतं. आणि निसटला तर चाक आडवं पडतं, गाडी वळवताच येत नाही. लँटर्न खिंडीत असं झालं तर पुढचं सांगायला नको.

म्हणून शनिवारी मी आणि लाईल गॅरेजमध्ये बसलो. नवे जॉइंट आणले होते. ते दाबून काढायचा शिकंजा मित्राकडून आणला होता. जीपचं तोंड उचलून स्टँडवर ठेवलं.

"वहिनी, तू नुसती पाने दे. काम मी करतो," लाईल म्हणाला.

"तू पाने दे. मागच्या वेळी तू ब्रेक बदललेस आणि पंधरा दिवस गाडी डुकरासारखी किंचाळत होती."

"ती गाडी आधीपासूनच तुझ्यावर गेली होती."

असं आमचं चाललं होतं. कर्ट गेल्यावर पहिल्यांदाच मी त्या गॅरेजमध्ये हसले.

उजवी बाजू झाली. दुपार झाली होती, लाईल म्हणाला मी खायला घेऊन येतो. त्याचा ट्रक गेला. मी म्हटलं, तोवर डाव्या चाकाचा सांधा किती ढिला आहे ते बघू.

ते बघायला दोन माणसं लागतात. एकानं चाक वर-खाली धरून हलवायचं. दुसऱ्यानं गाडीखाली आडवं पडून सांध्यावर हात ठेवायचा. आमच्या घरात चाक हलवायचं काम कायम कर्टचं. खाली मी.

मी खाली सरकले. सांध्यावर हात ठेवला. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"हलव."

आणि चाक हललं.

खड... खड... थोडं थांबून, खड.

मला वाटलं, लाईल परत आला. म्हटलं, "इतक्यात आलास? पाकीट विसरलास ना?"

उत्तर नाही.

मी मान वळवली. चाकाशेजारी माणूस उभा असला की खालून त्याचे पाय दिसतात.

पाय नव्हते.

नुसतं ऊन पडलेलं होतं फरशीवर.

पुन्हा चाक हललं. दोनदा, थांबून, एकदा. जगात एकच माणूस तसं हलवायचा. दोनदा हलवायचा, थांबायचा, मला कळलं का याचा अंदाज घ्यायचा, मग एकदा शेवटचं.

मी घाबरले का? नाही. खरं सांगते, मला रडू आलं. सुखानं. सहा महिने मी त्या घरात भिंतींशी बोलत होते, आणि आता हा इथे, माझ्या डोक्याशी उभा होता.

मी पडल्या पडल्या बोलत सुटले. छत गळतंय ते सांगितलं. शेजारच्या बाईचं कुत्रं मेलं ते सांगितलं. त्याला शिव्यासुद्धा घातल्या, मला टाकून गेलास म्हणून. मधे मधे चाक हलत होतं. हुंकार दिल्यासारखं.

मग मी म्हटलं, "उद्या ब्रिन तुला लँटर्न खिंडीत नेणार आहे. तुझी राख तिथे सोडणार आहोत आम्ही. मग तू मोकळा."

चाक थांबलं.

मी परत म्हटलं, "हलव."

काही नाही.

"कर्ट?"

काही नाही. बाहेर पोस्टाची गाडी गेली, तिचा आवाज ऐकू आला. बास.

लाईल आला. त्याला मी काही बोलले नाही. वेड लागलं म्हणाला असता. खाणं बाजूला ठेवून आधी डावी बाजूही आम्ही पुरी केली. सांधा ज्या नटांनी आवळतात त्यांना एक आरपार पिन असते, नट फिरू नये म्हणून. ती पिन लाईलनं माझ्यासमोर घातली, टोकं वाकवली. आणि मी प्रत्येक नटावर नेलपॉलिशची एक रेघ ओढली. नटावर अर्धी, लोखंडावर अर्धी. नट जराही फिरला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. कुणी त्यासाठी रंगाचं पेन वापरतं. माझ्याकडे गडद जांभळी नेलपॉलिश होती.

आम्ही आत जाऊन जेवलो. बाहेर आलो तर...

उजव्या चाकाखाली पिन पडली होती. सरळ केलेली. नट अर्धा उतरलेला. रेघ तुटलेली.

माझा तोल गेला. "लाईल, उद्या माझी पोर बसणार आहे यात. पोर. तुला भान आहे का?"

"वहिनी, मी पिन तुझ्या डोळ्यांदेखत घातली."

"मग ती चालत बाहेर आली? बियर प्यायल्याशिवाय तुला एक काम होत नाही."

 त्यानं हात पुसले, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्याला किती लागलं असेल, ते मला तेव्हा दिसत होतं. पण मी थांबवलं नाही.

आणि मी मूर्ख, मनातल्या मनात कुणाचे आभार मानले असतील? कर्टचे. म्हटलं, बघ, यानंच लाईलची चूक दाखवून दिली. मेला तरी पोरीवर लक्ष आहे.

सगळे नट मी स्वतः परत आवळले. नव्या पिना घातल्या. नव्या रेघा ओढल्या, जीप स्टँडवरून खाली घेतली. गॅरेजला कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली. मग निवांत झोपले.

रविवारी सकाळी ब्रिन आली. लाईलही आला, तोंड फुगवून का होईना. ब्रिननं बापाच्या राखेची पेटी शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टासुद्धा लावला. इंजिन सुरू केलं.

"आई, बघ कशी गुरगुरतेय. बाबा खूश असतील."

मी सहज वाकले. एकदा हात लावून बघावं म्हणून. रेघ सरळ होती, कुठेही तुटलेली नव्हती. मी समाधानानं तिच्यावरून बोट फिरवलं...

बोट जांभळं झालं.

रेघ ओली होती.

आदल्या संध्याकाळी लावलेली नेलपॉलिश. पाच मिनिटांत वाळते ती. पुरुषांनासुद्धा माहीत आहे.

मी नटाला हात घातला. तो दोन बोटांनी फिरला. पानाही लागला नाही. पिनेचं डोकं जागेवर दिसत होतं, मी ते ओढलं तर हातात नुसतं डोकंच आलं. बाकीची पिन नव्हतीच. डोकं ग्रीसनं चिकटवून ठेवलेलं.

पलीकडच्या चाकालाही तसंच.

"ब्रिन, खाली उतर."

"का?"

"खाली उतर म्हटलं ना."

लाईल वाकला. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून मला बाजूला घेऊन गेला. आता मात्र मी त्याला सगळं सांगितलं. चाकाचं, पायांचं, बोलण्याचं. तो हसला नाही.

मी म्हटलं, "तो आपल्याला सावध करतोय लाईल. ब्रिननं जाऊ नये म्हणून."

लाईलनं मान हलवली. "वहिनी, सावध करणारा माणूस पिन खाली टाकून देईल. दिसेल अशी. रेघ परत कशाला रंगवेल?"



"कालची पिन दिसली, म्हणून आज दिसणार नाही असं केलं," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "डोंगरात तो कधी एकटा गेलाय का, तूच सांग."

नाही गेला. डोंगरात एकट्यानं जायचं नाही, हा आमच्या सगळ्या जीपवाल्यांचा नियम. कर्ट तर त्याबाबत फार कडक होता. आणि आता या शेवटच्या वाटेवर त्याला सोबतीला माझी पोर हवी होती.

मी जीपकडे बघितलं. ब्रिन पेटीवर हात ठेवून उभी होती. तिच्या लाडक्या बाबांच्या पेटीवर. आणि ज्या माणसाच्या कुशीत मी सव्वीस वर्षं झोपले, त्याची मला किळस आली. हे लिहायलाही नको वाटतं. पण आली, हे खरं आहे.

ब्रिनला काय सांगणार? लाईलच पुढे झाला. "माझी चूक झाली गं. नट नीट आवळले नाहीत मी. ट्रकमधून जाऊ." सगळं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. ब्रिन त्याला वाट्टेल ते बोलली आणि तो ऐकून घेत राहिला. आज महिना झाला, ती काकाशी धड बोलत नाही.

आम्ही ट्रकमधून गेलो. राख सोडली. वारा नव्हता, तरी ती बराच वेळ कड्याजवळ रेंगाळली, असं मला वाटलं. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील. ब्रिन रडत होती. मी रडले नाही.

परत आल्यावर मी जीपची पुढची दोन्ही चाकं काढून टाकली. ती तशीच स्टँडवर उभी आहे. मी गॅरेजमध्ये तोंडातून शब्द काढत नाही. वाटलं होतं, राख सोडली, आता संपलं.

काल ब्रिनचा फोन आला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, या महिनाअखेरीस, घरी येतेय. आवाज इतका आनंदात होता की मलाही बरं वाटलं.

"आई, एक सांगू? बाबा स्वप्नात आले होते. लागोपाठ तीनदा. म्हणाले, जीप मी नीट करून ठेवलीय. ये आणि घेऊन जा. डोळे झाकून चालव म्हणाले."

ती हसली. "आणि म्हणाले, आईला सांगू नकोस. ती उगाच काळजी करते."

तेव्हापासून मी फोन हातात घेऊन बसले आहे. तिला सगळं खरं सांगायचं ठरवते, आणि नंबर लावता लावता थांबते. तिच्याकडे बापाची आठवण तेवढीच तर उरलीय. पण नाही सांगितलं तर ती येईल, आणि मी बघत नसताना त्या गाडीत बसेल.

आपल्या बापावर विश्वास ठेवू नकोस, हे लेकीला कसं सांगतात? कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.