सामना नसलेला मंगळवार

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे भाग चार. त्यातल्या तिसऱ्या भागात कॉलेजांच्या बँडला सुट्टी असते. मैदानावर पोरं एकमेकांची हाडं मोडत असली तरी यजमान बँडने पाहुण्या बँडला काहीतरी खाऊ घालायचं, असा रिवाज. मार्नी हॉल्व्हर्सन पहिल्यांदा समुद्राकाठच्या पोर्ट हॅडन कॉलेजात वाजवायला गेली, तेव्हा त्या सुट्टीतली पाच मिनिटं तिची स्वतःच्याच ट्यूबा नावाच्या वाद्यातून बाहेर पडण्यात गेली. पितळी धूड अंगाभोवती वेढलेलं, भुरभुर पाऊस, आणि टोपीचा तुरा नळीत अडकलेला...

"आत कोणी राहतं का?"

समोर जांभळ्या कोटातला एक ढोलवाला उभा. हातात डोनटचा खोका.

"राहतं. पण भाडेकरू चिडलाय," मार्नी म्हणाली.

"मग दोन घे. नियम एकाचाच आहे." त्याने तुरा हलकेच सोडवला. बोटं गारठलेली होती, हसू मात्र चांगलं उबदार. "मी थिओ. थिओ ओकाडा. नाव सांगणं नियमात बसत नाही, तरी सांगतोय."

पुढच्या वर्षी सामना डोंगरापलीकडे, मार्नीच्या कॉर्बिन स्टेट कॉलेजात. आता यजमान ती. तिने त्याच्या हातात मसुराच्या सूपचा कागदी पेला दिला. त्या टेकड्यांत मसूर इतका पिकतो, की पाहुण्याची त्यातून सुटका नसते.

"एवढं प्यायल्यावर माझ्याच्याने ढोल काय वाजणार?"

"म्हणून तर पाजतेय."

तो हसला. "मार्नी... एक सांगू?" आणि तेवढ्यात चौथ्या भागाची शिट्टी झाली. थिओ ढोल सावरत पळाला. तो काय सांगणार होता, यावर मार्नीने अख्खा हिवाळा काढला.

फोनवर दोघं रोज बोलत. परीक्षा, पाऊस, खडूस प्राध्यापक... सगळं. पण पाच तासांचा घाट ओलांडून नुसतं भेटायला ये, हे तोही म्हणाला नाही आणि तीही नाही. वर्षाचा सामना होता ना! मग वेगळं कारण शोधायचं कशाला?

आणि उन्हाळ्यात सामने दाखवण्यासाठी टीव्हीवाल्यांनी थैली उघडली. आपसांतच सामने खेळणाऱ्या पूर्वेकडच्या श्रीमंत कॉलेजांच्या गटाने पोर्ट हॅडनला आवतण धाडलं, आणि तीन पिढ्यांचा शेजार सोडून पोर्ट हॅडन निघालं. त्यामागे आणखी सात कॉलेजं गेली. असतील शिते तर जमतील भुते! मागे कॉर्बिन स्टेटसारखी दोन-चार उरली. श्रीमंतांनी सामन्यांचे शनिवार घेतले, यांच्या वाट्याला टीव्हीने गुरुवार टाकला. पोर्ट हॅडनशी होणारा सामना रद्द झाला.

"म्हणजे यंदा भेट नाही," थिओने लिहिलं.

मार्नी पुढच्या ओळीची वाट पाहत बसली. ओळ आली नाही. मग तिनेही नाक वर करून लिहिलं, "हो ना."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत तिने पोर्ट हॅडनचा सामना लावला. का, तर म्हणे ते कसे हरतात ते बघायला. तिसरा भाग सुरू झाला, आणि कॅमेरा नेमका बँडकडे वळला. थिओ! हातात खोका. समोर हजारो मैलांवरून आलेली, लाल कोटातली, मोत्यासारख्या दातांची एक क्लॅरिनेटवाली. थिओ काहीतरी म्हणाला, ती मान मागे टाकून हसली. आणि त्याने तिच्या हातात डोनट ठेवले.

"नव्या मैत्रीची गोड सुरुवात!" समालोचक म्हणाला.

मार्नीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय गं, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" शेजारून रोझाल्बाने विचारलं. ही तिची खोलीतली मैत्रीण, ट्रॉम्बोन वाजवणारी.

"दोन दिले त्याने तिला."

"तू मोजलेस?"

"मलाही दोनच दिले होते!"

रोझाल्बाने टीव्ही बंद केला. मार्नीने परत लावला. तेवढ्यात वाहिनीने तेच दृश्य पुन्हा दाखवलं, आता सावकाश. ती हसते आहे, तो बघतो आहे... मार्नीला रडू आलं. दोन वर्षं आपण ज्याला प्रेम समजलो ती नुसती पाहुण्यांची सरबराई असेल तर? पाहुणा बदलला, की माया दुसऱ्याला?

तिने फोन उचलला. "लाल रंग खुलून दिसतो तुझ्या शेजारी."

क्षणात उत्तर आलं. "बघत होतीस?"

"चुकून लागला टीव्ही."

"आणि चुकून तिसऱ्या भागापर्यंत चालला?"

"तुमचा गट मोठा, पैसा मोठा, पाहुणेही मोठे. चैन कर." असं लिहून तिने फोन उशीखाली कोंबला.

रविवार गेला, सोमवार गेला. "अगं बाई, तुला झोप नाही म्हणून मलाही नाही," रोझाल्बा म्हणाली. "त्याला विचार तरी."

"सामना नाही, काही नाही... कशाच्या निमित्ताने जाऊ?"

"हेवा वाटतोय ना? तेच निमित्त."

मंगळवारी सकाळी मार्नी गाडी काढून घाटाला लागली. दुपारी पोर्ट हॅडनच्या मागच्या पटांगणात ढोलवाले सराव करत होते. ती कुंपणाशी थांबली. थिओने पाहिलं आणि त्याचा ठेका चुकला. बाकीचे ओरडले. तो ढोल गळ्यात तसाच ठेवून आला.

"तू? आज... आज तर सामना नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"ती लाल कोटवाली," मार्नी म्हणाली. घाटात चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. "मला तिचा हेवा वाटला. इतका की मी तीन दिवस धड जेवले नाही. झालं. आता हस."

तो हसला नाही. "खाऊ वाटायची पाळी माझी होती, मार्नी. त्यांचा निम्मा बँड आलाच नव्हता, म्हणून सगळ्यांना दोन-दोन. मी तिला विचारलं, कॉर्बिनचं मसूर-सूप कधी प्यायलीस का? ती म्हणाली, मसूर सूपमध्ये घालतात?"

"खोटं."

"मला वाटायचं, तू सामन्यासाठी येतेस. सामना गेल्यावर तुला ये म्हणायला तोंड कुठलं? तुम्हाला मागे टाकून आम्हीच गेलो ना पैशामागे."

"सामना?" मार्नी म्हणाली. "थिओ, दोन्ही वर्षी चौथ्या भागात काय झालं ते मला ठाऊकच नाही. मी तुझ्याकडेच बघत होते."

तो आणखी एक पाऊल कुंपणाजवळ आला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओकाडा! कोण आहे ती?"

"मी जिच्यासाठी ठेका चुकवतो ती," थिओ मागे न वळता म्हणाला. मग हळूच, "येत्या शनिवारी आमचा सामना नाही, मी येतो तिकडे."

"शनिवारी घाटात बर्फ पडणार आहे. रस्ता बंद होईल."

"मग शुक्रवारीच येतो."

"आणि परत कसा जाशील?"

"रस्ता बंद असेल ना," तो म्हणाला. मार्नीने कुंपणाच्या जाळीतून हात घातला आणि त्याची गार बोटं घट्ट धरली.