तिवाट्यावरची हाक

काम साधंच होतं. मूठभर मीठ-मोहरी तिवाट्यावर टाकायची आणि परत यायचं. हसू नकोस संग्राम, तुझी दृष्ट तुझ्या आईनं इथेच, अमेरिकेत बेलव्ह्यूत काढलेली मी पाहिलीये. आणि हिमानी, डेकवरचा तो दिवा घालव बघू. डोळ्यांवर येतोय. हं.

हे झालं दिगंबरला. आमच्या पुण्याच्या शेजाऱ्यांचा मुलगा. चार वर्षं झाली, कोजागिरीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, संग्राम बसलाय ना, त्याच खुर्चीत बसून.

दिगंबर आणि परीक्षित एकाच कॉलेजचे, एकाच कंपनीत. प्रमोशन आधी परीक्षितला, घर आधी परीक्षितचं. तेवढं दिगंबरनं गिळलं. पण मग परीक्षितला मुलगी झाली, इला. दिगंबर आणि नीनाला मूल होत नव्हतं. डॉक्टर झाले, उपचार झाले, नीना रडून रडून गप्प झाली. इकडे परीक्षित दारात आला की ती पोर "बाबा!" करत धावत सुटायची, आणि दिगंबर मोबाइलमध्ये डोकं खुपसायचा. माणूस वाईट नव्हता. पण जळायचा. आतून, रोज जळायचा.

तर ही दोन कुटुंबं लाँग वीकेंडला ओरेगॉनच्या डोंगरात गेली, सोन्याच्या खाणींचं एक ओसाड गाव बघायला. हॉलो क्रीक. एकेकाळी तिथे सोन्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आता सात-आठ लाकडी घरं आणि माहिती सांगणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळी लावलेली. त्या बाईंनी तिथे उभं राहून सांगितलं, की दोन खाणवाले शेजारी होते. एकाला सोनं लागलं, दुसऱ्याच्या हाती नुसती माती. पहिल्याला एक लहान मुलगीही होती, अख्ख्या वस्तीत तेवढंच एक पोर. दुसऱ्याला ते बघवेना. एका संध्याकाळी ती मुलगी खाणीच्या तोंडाशी खेळत होती, ती परत आलीच नाही. आतून तिच्या हाका येत राहिल्या म्हणे. मग त्याही थांबल्या.

पुढे पर्यटकांसाठी पातेल्यात वाळू चाळून सोनं शोधायचा खेळ होता. इलाच्या पातेल्यात दोन कण चमकले. दिगंबरच्या पातेल्यात काही नाही. "सोनंसुद्धा यांनाच," तो पुटपुटला, आणि त्या पोरीकडे बघत राहिला. नीनानं त्याचा दंड धरला तेव्हा कुठे त्याची नजर हलली.

संध्याकाळी मुक्कामाच्या केबिनमध्ये इला तापली. औषध दिलं, ताप हटेना. रात्री घाटातून हॉस्पिटल गाठणं अवघड, म्हणून उजाडताच निघायचं ठरलं. पोर डोळे उघडेना, पण बापाच्या गळ्याची मिठी सोडेना. शेवटी तिची आई सुलेखा उठली. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन ओवाळलं. "घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, ज्याची लागली असेल त्याची..." दिगंबर खाली बघत राहिला. कोणाची लागलीये, ते त्याला ठाऊक होतं.

घरी असती तर तिनं ते विस्तवात टाकलं असतं. पण केबिनमध्ये विजेची शेगडी आणि डोक्यावर स्मोक अलार्म. म्हणून तिनं कागदात पुडी बांधली.

"दिगंबर, तू टाकून येशील? तो समोरचा तिवाटा आहे ना, तिथे. मागे वळून बघू नकोस हं. आणि कोणी हाक मारली तर ओ देऊ नकोस."

"इथे कोण हाक मारणार, यार!" तो म्हणाला. पण पुडी त्यानं दोन्ही हातांत धरली. पोर बरी व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं. माझ्यासमोर शपथ घेतली त्यानं.

तो तिवाटा खाणीच्या जाळीपाशीच होता. चांदणं लख्ख. वारा नाही. त्यानं मीठ टाकलं. वळला. चालू लागला.

दहाएक पावलं गेला असेल.

"काका..."

इलाचा आवाज. हुबेहूब. पण इला तर केबिनमध्ये होती. खिडकी समोरच दिसत होती. परीक्षित तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता.

दिगंबर थांबला नाही. पाय उचलला.

"काका..."

जवळून.

तो चालत राहिला. खिडकीकडे बघत. परीक्षितच्या खांद्यावरचं ते डोकं बघत. आणि मग...

मग मागून आवाज आला,

"बाबा..."

...

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तो जळला, तो शब्द. त्याला. फक्त त्याला.

त्यानं मागे वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. रस्ता. जाळी. जाळीमागचा अंधार.

आणि तो म्हणाला, "ओ."

...

केबिनमध्ये आला तेव्हा सुलेखा रडत हसत होती. ताप उतरला होता. इला घामानं भिजून गाढ झोपली होती. दिगंबरनं कोणाला काही सांगितलं नाही.

सकाळी पोर टुणकन उठली. परीक्षितनं हात पसरले. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, दिगंबरच्या पायांना मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा."

सगळे हसले. "अगं ए, बाबा इकडे!" इलानं परीक्षितकडे पाहिलं, पाहुण्याकडे बघावं तसं. "नाही. ते काका."

"मोरेश्वरकाका, खोटं कशाला बोलू," दिगंबर मला म्हणाला, "क्षणभर मला आनंद झाला. मग परीक्षितचं तोंड दिसलं. आरशात रोज मी जे तोंड बघायचो ना, ते."

महिन्याभरात दिगंबर आणि नीना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीला निघून गेले. इला त्याच्यापासून लांब राहिली की विसरेल, असं त्याला वाटलं.

परवा मी परीक्षितकडे गेलो होतो. इला आता दुसरीत आहे. खणखणीत आहे, कधी साधी सर्दी नाही. दार तिनंच उघडलं. आत आईबापाकडे वळून ओरडली, "आई, आजोबा आलेत! काका, यू कम टू!"

परीक्षित उठला. आला.

हाकेला ओ मात्र त्यानं दिली नाही.