शेवटच्या ओळीतल्या आजी

प्रिंटरमधून निघालेल्या कागदांवर दोघांचे हात एकदमच पडले. तिनं ओढले, त्यानं सोडले नाहीत.

"हा प्रोग्रॅम... माझा आहे," तो चाचरत म्हणाला.

"मग चूकही तुमचीच!"

ती रुग्णालयातली नोंदणी कारकून. दोन वॉर्डांच्या याद्या जोडून रोज शस्त्रक्रियेची यादी काढायची. महिन्यात तीनदा शेवटचं नाव गळलं. डोळ्याच्या ऑपरेशनला आलेल्या एक आजी दोनदा उपाशीपोटी परत गेल्या. ठपका हिच्यावर आला. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर काम काढून घेईन, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि याद्या जोडणारी ती युनिक्स या संगणकप्रणालीची इवलीशी कमांड कॉलेजात असताना लिहिली होती या महाशयांनी! आता ते इथल्याच संगणक विभागात नव्यानं रुजू झाले होते.

"चूक कसली?" त्यानं खुर्ची ओढली. "शेवटी एंटर दाबलेलं नसेल, तर ती ओळ पुरी होत नाही. माझा प्रोग्रॅम ती सोडून देतो."

"अहो, पण त्या ओळीत आजी आहेत!"

तो तिच्याकडे बघत राहिला... गरजेपेक्षा जरा जास्तच.

"पडद्याकडे बघा," ती म्हणाली. तिचे कान मात्र तापले होते.

तिनं कागदावर पेन्सिलीनं खूण केली. "इथं. फाइल संपली, की हातातली ओळ न लिहिताच तुम्ही पळ काढता."

"मी पळपुटा नाही हो!"

"ते दिसेलच."

दुरुस्ती दोनच ओळींची होती. तपासणीला मात्र तीन दिवस लागले. जुन्या याद्या एकेक करून पुन्हा जोडायच्या, ती नावं वाचणार, तो खुणा करणार. मध्येच कोपराला कोपर लागायचं—आणि दोघंही मोजणी विसरायचे. तिला त्या चुकण्याचीच गोडी लागली होती.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंसमोर यादी निघाली. एकवीसपैकी एकवीस. शेवटी आजी!

"चूक माझी होती," तो सगळ्यांदेखत उठून म्हणाला. "शोधली यांनी. यांचं काम काढलंत, तर मलाही काढा."

"कुणालाही काढत नाही," बाई म्हणाल्या. "मी उगाच बोलले गं तुला. यादी तुझीच."

तिनं लगेच आजींना फोन लावला. "आजी, उद्या या. नाव आहे तुमचं, मी स्वतः बघितलंय."

फोन ठेवला, तरी तो तिथंच उभा.

"मला रोज तुमच्याशी भांडायचंय," तो म्हणाला. "लग्नापर्यंत... आणि लग्नानंतरही."

"जिंकणार मीच," ती म्हणाली, आणि अख्ख्या ऑफिससमोर तिनं त्याचा हात धरला.