सारवणाची पाळी

शनिवारी देऊळ सारवायचं, ही शिरूरजवळच्या घोडनदीकाठच्या त्या वस्तीतली जुनी रीत. देऊळ म्हणजे चर्चच, पण वस्तीत त्याला चर्च कुणी म्हणत नसे. दुष्काळाच्या साली खापरपणज्यांनी नदीतले गोटे डोक्यावर वाहून ते उभं केलं. गोऱ्या मिशनरी साहेबानं फरशी देऊ केली, तर हे म्हणाले, आमच्या घरी माती, तीच देवाच्या घरी. तेव्हापासून दर शनिवारी एकेका घराची सारवणाची पाळी लागे.

आता घरंच उरली नव्हती. कुणी दौंडच्या रेल्वे कॉलनीत, कुणी सणसवाडीत, कुणी थेट पुण्यात. पाळी कायमची रोहिदासआबांच्या गळ्यात पडली, आणि आबा म्हणजे अस्सल हट्टी माणूस. रेल्वेत सिग्नल दुरुस्तीत जन्म काढलेला. तार तुटली की दिवा विझतो, भुतानं फुंकून विझत नाही, असं पोरासोरांना ऐकवायचे.

त्यांची बायको अनिता मागच्या वर्षी गेली. देवळामागच्या कबरस्तानात, लिंबाखाली तिला ठेवलं. कडबा तोडायच्या यंत्रात तिची डावी करंगळी गेली होती आणि डावा गुडघा वाकत नसे. प्रार्थनेला ती एकच गुडघा टेकायची आणि डावा पंजा भुईला लावायची. "देवाला म्हणावं, एवढ्यात भागवून घे," म्हणून वर हसायची.

दिवाळी सरली आणि एका रविवारी आबांना सारवणात दोन वाटोळे खळगे दिसले, शेजारी शेजारी. कुत्रं बसलं असेल, म्हणून त्यांनी वरून हात फिरवला. पुढच्या शनिवारी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या. रविवारी खळगे वाढलेले. उजवीकडं पुरुषांच्या बाजूला ओळ, डावीकडं बायकांच्या बाजूला ओळ, आणि पुढं लहान लहान खळगे, लेकरं बसायची तिथं.

गुडघे होते ते. मागं पायाच्या बोटांचे ठसेसुद्धा होते.

आबांनी बॅटरी घेऊन दारापासून भुई तपासली. गुडघे टेकलेले, पण चालत आलेलं पाऊल कुठं नाही. थंडीत बंद खोलीतली ओल लवकर हटत नाही. मांजर गेलं असतं तरी उमटलं असतं.

शेजारच्या मळ्यातली भागुबाई त्यांना शेण द्यायची. पाटी खाली ठेवत ती म्हणाली, "आबा, तुमच्यात माणसं यायला लागली का वं?"

"का?"

"माझी म्हस. शनवारी सांच्याला देवळाम्होरं आली की थांबती. कुणाला तरी वाट दिल्यागत कडंला उभी ऱ्हाती. हाणली तरी हलंना."

आबांनी पाटी उचलून आत नेली. अनिता असती तर तिला तरी सांगितलं असतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून चर्चच्या जागा सांभाळणाऱ्या ट्रस्टचा सेक्रेटरी आला. सत्यजीत नाव, आपल्यातलाच पोरगा, बोलायला गोड. "आबा, चर्च म्हणजे भिंती नव्हेत, मंडळी. मंडळी कुठंय? बंद पडलेली जागा विकायचं ठरलंय. कामगारांसाठी खोल्या होतील."

"आन् मागचं कबरस्तान?"

"सन्मानानं हलवू."

"हलवू?" आबा ताडकन उठले. "माझ्या अनिताला हात लावून तर बघा! म्हंजी ती काय सामान हाय व्हय?"

"मग रविवारी मंडळी दाखवा. मी स्वतः वर सांगतो, मंडळी आहे म्हणून. नाहीतर," त्यानं पिशवीतून कुलूप काढून दाखवलं, "हे कायमचं."

आबांनी दौंडला फोन लावले, पुण्याला लावले. सगळे म्हणाले, येतो की, आबा.

शनिवारी संध्याकाळी आबांनी रागारागानं सारवलं, नेहमीपेक्षा जाड. अखेरची पाळी असली तरी नीटच व्हायला हवी होती. सत्यजीत दारात उभा होता. आत कुणी नाही हे बघून त्यानं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मुक्काम शिरूरला केला.

सकाळ झाली. उपासनेची वेळ आली आणि टळूनही गेली. एक माणूस फिरकला नाही. आबा धुतलेला सदरा घालून पायरीवर एकटेच उभे.

"बघितलंत?" सत्यजीत हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं.

"उघडा. मी एकटा उपासना करीन. तुमच्या नाकावर टिच्चून करीन!"

कुलूप निघालं. दार करकरलं.

आत तीळ ठेवायला जागा नव्हती.

भिंतीपासून भिंतीपर्यंत सारवणात गुडघे उमटलेले. ओळीमागं ओळ.

"कोण... कोण आलं होतं आत?"

"किल्ली तुमच्या खिशात व्हती, साहेब."

सत्यजीत उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मंडळी इचारत व्हता न्हवं?" आबांचा आवाज चढला. "ही घ्या मंडळी! गोटे वाहिलेली. आता ह्यांना हलवा!"

"मी सांगतो वर," तो पुटपुटला. "मंडळी आहे." कुलूप पायरीवरच टाकून तो गेला. गाडीचा आवाज नगर रोडकडं विरला.

आबांनी वहाणा काढल्या.

बायकांच्या बाजूला, खांबाशी, एकच गुडघा टेकला होता. शेजारी डावा पंजा. चारच बोटं.

"आलीस व्हय," आबा म्हणाले.

पुरुषांच्या पहिल्या ओळीत एकाच माणसापुरती भुई कोरी होती. त्यांची नेहमीची जागा. आबा तिथं जाऊन गुडघ्यावर बसले, डोळे मिटले, आणि वस्तीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली.

आमेन म्हणून त्यांनी मान वळवली.

दारापासून त्यांच्या जागेपर्यंत सारवण ओलंच होतं. त्यात त्यांचं स्वतःचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.