विमानाला सात हात

ती खरं तर रंग घ्यायला शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरणार होती. पण रस्ता खणलेला, वर एक फळी टाकलेली – आणि फळी उतरत होती ती थेट रंगाच्या दुकानात.

"काय हवंय?"

"विमानाला रंग."

"किती सीटचं?" रंगवाल्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

तिने पिशवीतून हातभर लांब लाकडी विमान काढलं. बाबांनी कोरलेलं. बाबा निवृत्त सुतार. म्हणाले, रंग तू दे, मग मैदानावर उडवू. रंगवाल्याने ते दोन बोटांवर अलगद तोललं… आणि तिला उगाच वाटलं, आपणच तोलले जातोय.

"आधी सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजतात. दोन हात, पातळ. प्रत्येक हात वाळला की पॉलिशपेपरने हलकं घासायचं. मग रंगाचा एकच हात. जास्त दिलात तर जड होईल."

सोपं होतं की!

*पहिला हात*

वाळल्यावर लाकूड उलट जास्तच खरखरीत झालं. बिघडलं! ती धावत दुकानात.

"पहिल्यांदा तसंच होतं, मॅडम. तंतू उठून बसतात. घासलं की शांत होतात."

त्याने पॉलिशपेपरचा एक तुकडा कापून दिला. बोटं लागली. कुणाची कुणाला – देव जाणे.

*दुसरा हात*

गुळगुळीत. झालं काम. मग वाईट का वाटावं?

*तिसरा, चौथा, पाचवा… सहावा*

"अगं, सीलर पाजतेस की काय त्याला?" बाबा म्हणाले.

"अजून खरखरीत आहे."

"कोण?"

ती दर हातागणिक जायची तशी आजही पॉलिशपेपरचा नवा तुकडा आणायला निघाली. त्यात ऑफिसातून विचारणा आलेली – दुसऱ्या गावच्या शाखेत माणूस हवाय, जाता का? शनिवारी सांगा. जावं? मग अजून होकार का कळवला नाही? राहावं? कशासाठी – 'मॅडम' म्हणणाऱ्या रंगवाल्यासाठी?

*सातवा. शनिवार.*

त्याने विमान तळहातावर घेतलं. भुवया वर गेल्या.

"किती हात दिलेत?"

"दोन."

"मॅडम…"

"सात."

"का?"

"तुम्ही पेपर एकेक तुकडाच का देता? अख्खं पाकीट मिळतं. ते काय, समोर टांगलंय!"

तो त्या पाकिटाकडे असा बघत राहिला, जणू ते रात्रीतून कुणी आणून लावलंय.

"हे असं उडणार नाही," शेवटी तो म्हणाला. "सगळं घासून काढायला हवं. मी करू लागेन… म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. तीन-चार आठवडे सहज जातील."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातले साहेब. त्यांचा आवाज असा खणखणीत, की काउंटरपलीकडेही स्पष्ट ऐकू येत होता.

"काय ठरलं मग?"

"सर, मी… नाही जात."

"कारण?"

कारण! तिने विमानाकडे पाहिलं. मग रंगवाल्याकडे. रंगवाला कानांपर्यंत लाल झाला, काउंटरवरून वाकला आणि तिच्या फोनमध्ये म्हणाला –

"कारण मी आहे, साहेब. बहुतेक."

तिकडून साहेब खाकरले.

"हे कोण बोलतंय?"

तो गडबडला. "काय सांगू?" असं तिलाच कुजबुजून विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच घुसलात मध्ये!"

"अहो, कोण आहे तिकडे?"

तिने फोन नीट कानाला लावला, डोळे घट्ट मिटले.

"सर… घरचेच समजा."